दक्षिणेला पदर

वळवानं त्या दिवशी मैदानावरच्या दोनच वस्तू फाडल्या. एक, खांबाला लावलेली वाऱ्याची पिशवी. दुसरी, जमिनीवर अंथरलेली पांढऱ्या कापडाची टी. गारांनी दोन्हींच्या चिंध्या केल्या. बाकी विमानं शाबूत, माणसं शाबूत. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. आभार मानावेतच, पण मानून झाल्यावर डोळे उघडे ठेवावेत. तेवढं मात्र राहून गेलं.

साल १९४७, एप्रिल महिना. बेळगावबाहेरच्या माळावर लढाईच्या दिवसांत विमानांचं एक मैदान तयार केलं होतं, तिथली ही गोष्ट. ज्यांनी विमान फक्त आभाळात पाहिलंय त्यांच्यासाठी त्या टीचं थोडं सांगायला हवं. दोन पांढऱ्या पट्ट्या, एक लांब आणि तिच्या टोकाला एक आडवी. आडवी पट्टी म्हणजे टीचं डोकं. वारा ज्या दिशेनं येतो त्या दिशेला डोकं करायचं. वरून येणाऱ्या वैमानिकानं ते बघायचं आणि डोक्याकडे तोंड करून उतरायचं. वारा छातीवर घेतला की विमान लवकर थांबतं. पाठीवर घेतला की थांबायचं नाव घेत नाही. लहान विमानांत तेव्हा बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे जमिनीवरचा माणूस आणि आभाळातला माणूस यांच्यातलं सगळं बोलणं या कापडातूनच व्हायचं. पिशवी असली तर पडताळा घ्यायला ती तरी असते. आता तीही नव्हती. नवी पिशवी अजून शिंप्याकडेच पडून होती.

टी मात्र चार दिवसांत तयार झाली, कारण ती विणणारा माणूस मैदानावरच कामाला होता. तो म्हणजे मष्णू तेरदाळे, वडगावचा कोष्टी. सुतावर नियंत्रण आलं, माग रिकामे पडले, तसा तो मैदानावर कापड अंथरायच्या आणि वारा बदलला की ते फिरवायच्या कामावर लागला होता. जाडं पांढरं सूत सरकारनं दिलं, मष्णूकाकानं ते घरच्या मागावर विणलं, वर खळ अशी दिली की कापड वाऱ्यानं उचललं जाऊ नये. आडव्या पट्टीला तर त्यानं सवयीनं पदर काढला होता. दोन बोटं रुंदीच्या पांढऱ्यावर पांढऱ्या रेघा. वरून त्या कुणाला दिसणार नव्हत्या, पण विणल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

आणि त्या मैदानाचा मुख्य होता विंग कमांडर परशराम आण्णाप्पा तेरदाळे, मष्णूचा सख्खा पुतण्या.

परशराम सहा वर्षांचा असताना आण्णाप्पा गेला. मष्णूनं भावाचा आणि स्वतःचा असे दोन्ही माग चालवले आणि पोराला शिकवलं. बेळगावात शाळा, पुण्यात कॉलेज, मग मुंबईच्या क्लबात विमान चालवायला शिकला, आणि लढाई लागली तसा हवाई दलात गेला. ब्रह्मदेशच्या रानावर तीन वर्षं उडाला. छातीवर पदक आलं. वडगावातल्या बायका त्याच्या आईला, अंबूबाईला विचारायच्या, "तुमचा परसू ढगात जातोय तवा त्याला भूक लागत न्हाय व्हय गं?" आणि अंबूबाई म्हणायची, "लागती की. खाली आल्यावर चार भाकरी जास्त खातोय." आता इंग्रज जाणार हे ठरलं होतं. मोठ्या जागा रिकाम्या होत होत्या. परशरामचं नाव ग्रुप कॅप्टनच्या हुद्द्यासाठी दिल्लीला गेलं होतं. विणकराच्या पोराला एवढा हुद्दा मिळाल्याचं आमच्या मुलखात तोवर कुणी ऐकलेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी मष्णूकाका नवं कापड खांद्यावर घेऊन आला. परशराम फेरीवर होता. काकानं सलाम केला.

"साहेब, एक इचारू?"

"काका, इथं कोणी नाही. परसू म्हण की."

"न्हाय बा. टोपी डोक्यावर हाय तवर साहेबच." काकानं कापड उलगडलं, डोकं उत्तरेला करून अंथरलं. वारा उत्तरेचाच होता. मग तो उकिडवा बसून पदरावरून हात फिरवत राहिला. "आपल्या घरची रीत तुला ठाव हाय. मागावरनं उतरलेल्या कापडाचा पयल्या दिवशी दक्षिणेला पदर करायचा न्हाय. यमाची दिशा ती."

"काका, हे लुगडं नाही."

"मी इनलंय न्हवं? मग ते कापडच." काकाचा आवाज खाली गेला. "तुझा बा गेला त्या वर्साला एक साडी अशीच पडलीती. दक्षिणेला पदर करून. मीच वाळत घातलती रं. सांच्याला त्याला जुलाब लागले. तू बारका हुतास. मी कुनाला सांगितलं न्हाय."

परशरामनं काकाकडे पाहिलं. एकतीस वर्षं हा माणूस एवढं ओझं घेऊन फिरत होता. त्यानं खिशातली हवामानाची चिठ्ठी काढली. संध्याकाळपर्यंत वारा उत्तरेचा, असं तीत लिहिलं होतं. आभाळ स्वच्छ. दिवसभरात येणारं विमानही एकच होतं.

"बरं," तो म्हणाला. "आजचा दिवस डोकं उत्तरेलाच राहू दे."

काकाचा चेहरा फुलला. परशराम हसून पुढे निघाला. तो पुतण्या म्हणून बोलला होता. पण बोलताना टोपी डोक्यावर होती.

अकराच्या सुमारास दिल्लीचा ट्रंक कॉल आला. परशराम कचेरीत खिडकीकडे पाठ करून बोलत होता. पलीकडचा आवाज कधी जवळ यायचा, कधी विहिरीतून आल्यासारखा वाटायचा. "तुमच्या कागदावर फक्त पुण्याच्या हॅलम साहेबांची सही राहिलीय," तो आवाज सांगत होता, "अभिनंदन करायला हरकत नाही." तेवढ्यात टेबलावरचे कागद उडाले. परशरामनं डाव्या हातानं ते दाबून धरले आणि मगच त्याच्या डोक्यात लख्ख झालं. कागद दक्षिणेच्या दारातून आलेल्या वाऱ्यानं उडाले होते.

तो वळला. दक्षिणेला ढग काळे झाले होते. मैदानाच्या मधोमध मष्णूकाका कापडाजवळ उभा होता. त्याच्या खांद्यावरचा पंचा उत्तरेकडे ताठ फडफडत होता. कापडाचं डोकंही उत्तरेलाच होतं. काका कचेरीकडे बघत होता, साहेबाचा नवा हुकूम येतोय का म्हणून. आणि दक्षिणेकडून विमान उतरत होतं, डोक्याकडे तोंड करून, वारा पाठीवर घेऊन.

"फिरव! काका, फिरव!" परशराम ओरडला. हातात फोन तसाच होता.

चाकं जमिनीला लागली, उचलली गेली, परत लागली. विमान कापडाशेजारून गेलं, मैदानाच्या अर्ध्यावरून गेलं, आणि वेग काही मोडेना. उत्तर टोकाला रस्त्यासाठी दगड काढलेला एक खड्डा होता. विमानाचं नाक खाली गेलं, शेपूट आभाळाला लागलं आणि ते पालथं पडलं.

परशराम धावला. पेट्रोलचा वास, मोडलेली फळकुटं, आणि त्याखाली फ्लाइंग ऑफिसर गुरबचन सिंग. चोवीस वर्षांचा पोरगा. चौघांनी त्याला ओढून काढलं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळला होता. "टी उत्तरेला होती, सर," तो सारखं एकच म्हणत होता. "टी उत्तरेला होती."

परशरामनं मान वर करून पाहिलं. दूर मैदानात कापड पांढरं दिसत होतं. त्याचं डोकं आता दक्षिणेला होतं. आणि त्याच्या शेजारी मष्णूकाका दोन्ही तळहात जमिनीला टेकून बसला होता.

दुपारी दोनला ग्रुप कॅप्टन हॅलम विमानानं पुण्याहून आले. उंच, पिकल्या मिशांचा, सरळ मनाचा माणूस. त्यांनी मैदान पाहिलं, खड्डा पाहिला, विमानाकडे धावलेल्या सगळ्यांना विचारलं. टी कोणत्या दिशेला होती? दक्षिणेला, प्रत्येकानं सांगितलं. कारण प्रत्येकानं ती धावता धावता, नंतरच पाहिली होती. तोवर सगळ्यांचे डोळे विमानावर होते.

व्हरांड्यात हॅलम परशरामला म्हणाले, "पोरगा खोटं बोलतोय. किंवा त्यानं पाहिलंच नाही आणि आता तेच खरं मानून बसलाय. बेपर्वाई. छातीवरचे वैमानिकाचे पंख काढून घ्यावे लागतील. उद्या दहाला चौकशी." मग त्यांनी पाइप पेटवला. "तुमचा कागद माझ्या बॅगेत आहे, तेरदाळे. मैदान तुमचं, अपघात तुमच्या मैदानावर. म्हणून विचारतो. तुम्ही त्या वेळी कुठं होतात?"

"फोनवर होतो."

"दिल्लीशी. मला माहीत आहे. म्हणजे तुम्ही काही पाहिलं नाही."

तो प्रश्न नव्हता. परशरामला दोन शब्द बोलायचे होते. हॅलमनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि ते खोलीकडे गेले. ते शब्द राहूनच गेले.

चारच्या सुमारास तो लष्करी इस्पितळात गेला. गुरबचनच्या पायाला फळ्या बांधल्या होत्या. गालावर रक्त सुकलं होतं.

"सर, ते माझं ऐकत नाहीत." तो तुटक तुटक बोलत होता. "रावळपिंडीच्या बाजूला आमचं गाव आहे. गेल्या महिन्यात अर्धं जळलं. बाबूजी आईला आणि बहिणींना घेऊन एका गुरुद्वारात राहतात. मी नोकरीवर आहे, एवढाच त्यांना धीर आहे. पाय गेला तर गेला, सर. पण खोटारडा म्हणून घरी जायचं? आणि घर तरी कुठं राहिलंय?" त्यानं परशरामचं मनगट धरलं. "जगात कुणी नाही तर नाही. तुम्ही तरी माना. टी उत्तरेला होती."

परशराम म्हणाला, "झोप आता." बाहेर पडताना त्याला स्वतःच्या बुटांचा आवाज नकोसा झाला.

वडगावच्या विठ्ठल मंदिरात त्या संध्याकाळी कीर्तन होतं. निपाणीकडचे एक बुवा आले होते. परशरामनं आईला आठ दिवसांपूर्वीच शब्द दिला होता, मध्यंतरात बुवांना हार मी घालीन म्हणून. न जावं तर वडगावभर बोभाटा, जावं तर मन थाऱ्यावर नाही. तो गेला, पुढच्या रांगेत मांडी घालून बसला. समोर बुवा, पाठीमागे मृदंग, आणि मृदंगाशेजारी झांज घेऊन मष्णूकाका.

कीर्तनाची गोडी ज्याला आहे त्याला ठाऊक आहे की चांगल्या झांजेकडे लक्ष जात नाही. ती नुसती श्वासासारखी चालते. मष्णूकाकाची झांज गेली चाळीस वर्षं तशी चालत होती. त्या दिवशी ती अडखळत होती. दोनदा मृदंगवाल्यानं वळून पाहिलं.

मध्यंतर झालं. परशराम उठला, बुवांच्या गळ्यात हार घातला. बुवांनी त्याच्या कपाळाला बुक्का लावला आणि सभेला म्हणाले, "आभाळात फिरणारा आपला हा लेक पांडुरंगापुढं मात्र जमिनीवर बसतो, बघा." लोक हसले, टाळ्या झाल्या. परशरामला कपाळ जड वाटलं.

उत्तररंगाला बुवांनी आख्यान लावलं मांडव्य ऋषींचं. ऋषी मौन धरून बसलेले. चोर येतात, लुटीचा माल आश्रमात दडवतात. मागोमाग शिपाई. "चोर कुठं गेले?" ऋषी गप्प. "हा माल कुणाचा?" ऋषी गप्प. बुवांनी इथं स्वतःच तोंडावर बोट ठेवलं आणि एका एका माणसाकडे बघत देवळातून नजर फिरवली. मृदंग थांबला. देवळात एक पोर खोकलं तेवढंच. मग बुवा हलकेच म्हणाले, "आणि राजानं ऋषीला सुळावर दिलं."

झांज खणकन फरशीवर पडली. मष्णूकाकानं ती उचलली, पण पुन्हा वाजवली नाही.

आरती झाली. लोक पांगायला लागले. देवळामागच्या पारावर काकानं परशरामला गाठलं. आता टोपी नव्हती.

"परसू, मी फिरवलं. इमान पडल्यावर."

"मी पाह्यलंय काका."

"तू पाह्यलंस?" काका खाली बसला. "वारा फिरला तसा मला कळलंता रं. उभ्या आंगाला कळलंता. पन तू म्हनलातास उत्तरेलाच राहू दे. मला वाटलं, साहेबाला दिसत आसंल. साहेब काय तरी सांगंल. मी कचेरीकडं बघत हुतो, आन् ते इमान... नंतर मला काय सुचंना. हातानं आपोआप फिरवलं."

"तू हुकूम पाळलास."

"हुकूम कसला? मी भीक मागितली, तू घातलीस." काकानं त्याचा गुडघा धरला. "आईक. उद्या मी सांगतो, मी इसरलो. म्हातारा हाय, डुलकी लागली. नोकरी जाईल, न्हायतर तुरुंगात टाकतील. टाकू देत. पोराचं नाव साफ हुईल. तुझा कागुद तुला मिळंल. दोन्ही कामं हुतात. तू मातर काय बोलू नगंस, तुला तुझ्या बाची आण."

परशराम काही बोलायच्या आत अंबूबाई प्रसादाचा द्रोण घेऊन आली. तिच्याबरोबर शेजारची गुणाबाई होती. काकाचा चेहरा पाहून गुणाबाई म्हणाली, "आज झांज का रुसलीती मष्णूभावजी? पुतण्या मोठा साहेब हुनार म्हणून हात कापाय लागले व्हय?"

काका कसंनुसं हसला. गुणाबाई पुढे गेली. अंबूबाईनं परशरामच्या हातावर साखर ठेवली आणि पाराच्या कडेला टेकली.

"मला एक कळंना रं परसू. त्यो ऋषी गप बसला. बुवांनी त्याला मोठा म्हनलं. खरं हाय, मोठाच. सूळ त्याच्याच वाट्याला आला न्हवं. पन मी म्हनते, त्यो गप बसला आन् सुळावर दुसराच कोन गेला आसता, मग? मग त्याला मौन म्हनलं आसतं का कुनी?"

अंबूबाईनं साखरेचे दोन दाणे तोंडात टाकले आणि तिच्या मनात दुसरंच आलं. "दिल्लीला थंडी लई आसती म्हनं. घोंगडं घेऊन ठेवलंय मी. आत्ताच न्हे म्हनत न्हाय. हुद्दा आल्यावर न्हे."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कचेरीत टेबल लावलं होतं. मधे हॅलम, दोन बाजूंना दोन अधिकारी. गुरबचनला स्ट्रेचरवरून आणलं होतं. त्यानं कालचंच सांगितलं. एका अधिकाऱ्यानं खाली मान घालून हसू लपवलं. गुरबचननं ते पाहिलं.

मग कापडवाल्या माणसाला बोलावलं. मष्णूकाका आत आला, स्वच्छ धोतर, हातात टोपी. दुभाषी कारकून रजेवर होता.

"तुम्हाला याची भाषा येते," हॅलम परशरामला म्हणाले. "तुम्ही सांगा."

परशराम काकाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. काल रात्रभर त्याला झोप नव्हती. पण झोप नसली तरी विचार एका जागी येऊन थांबला होता असं नाही. गुरबचन खोटारडा ठरतो, हे चालणार नाही, इथपर्यंत तो आला होता. पण काका स्वतःहून ओझं घेतोय, आणि म्हातारा सुटेलही कदाचित, त्याची नोकरी ती केवढी, असंही मन म्हणत होतं. हे मन आपलंच आहे हे कळूनसुद्धा ते गप्प बसत नव्हतं.

"विचारा, वारा बदलला तेव्हा टी कोणत्या दिशेला होती?"

परशरामनं विचारलं. काकानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. समोरच्या भिंतीकडे बघत पाठ केल्यासारखं म्हणाला, "उत्तरेला. मी फिरवाय इसरलो, डुलकी लागलीती. साहेबाला ह्यातलं कायबी ठाव न्हाय."

स्ट्रेचरवर गुरबचननं कोपरावर उठायचा प्रयत्न केला. 'उत्तर' तेवढं त्याला कळलं होतं. हॅलमनी भुवया उंचावल्या. "काय म्हणतोय?"

आता ही तीन वाक्यं इंग्रजीत सांगायची होती, बस. खोटं काकाचं, परशरामनं फक्त भाषा द्यायची. त्याचा कागद चार हातांवर त्या बॅगेत होता. बाहेर कुठंतरी कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं. परशराम ते ठोके मोजत राहिला. हॅलमनी पेन टेकवलं आणि वाट पाहिली.

परशरामनं तिन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. टी उत्तरेला होती. मी विसरलो, डुलकी लागली होती. साहेबांना काही माहीत नाही. हॅलम लिहू लागले.

"हे यांचं बोलणं झालं," परशराम म्हणाला. "यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पुढची दोन खरी नाहीत. आता माझी साक्ष लिहा."

पेन थांबलं.

"त्या दिवशी टी फिरवायची नाही, डोकं उत्तरेलाच ठेवायचं, हा हुकूम माझा होता. सकाळी मी दिला. कारण वाऱ्याचं नव्हतं, घरचं होतं. नव्या कापडाचा पदर पहिल्या दिवशी दक्षिणेला करत नाहीत ही आमची रीत, आणि ती पाळायची मी परवानगी दिली. हे माझे चुलते आहेत. यांनी हुकूम पाळला. नंतर घाबरून कापड फिरवलं, तेही मी पाहिलं. अपघाताच्या वेळी मी खिडकीत होतो. टी उत्तरेला होती. फ्लाइंग ऑफिसर गुरबचन सिंग एक शब्दही खोटं बोललेला नाही. काल तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी गप्प बसलो. तेही लिहा."

गुरबचन उशीवर मागे पडला होता, आणि त्यानं हातानं डोळे झाकले होते. काकाला इंग्रजी कळत नव्हतं, पण परशरामच्या तोंडून 'अंकल' हा शब्द त्यानं ऐकला होता आणि त्यानं पहिल्यांदाच भिंतीवरची नजर काढून पुतण्याकडे पाहिलं होतं.

"तुम्ही काय घालवताय हे तुम्हाला समजतंय ना?" हॅलमनी विचारलं.

"होय साहेब."

हॅलमनी पेनाला टोपण लावलं. परत काढलं. मग सगळं लिहून घेतलं, एकही शब्द न गाळता. लिहून झाल्यावर म्हणाले, "कापडाच्या रीतीसाठी विमान. बायबलवर हात ठेवून सांगतो, तीस वर्षांत असं ऐकलं नव्हतं." त्यांच्या आवाजात राग होता, पण निव्वळ राग नव्हता.

निकाल महिन्याभरानं आला. गुरबचन निर्दोष. त्याचे पंख राहिले, पायही राहिला, थोडा लंगडा. जुलैत त्यानं आईबापाला आणि बहिणींना इकडं आणलं. अंबूबाईचं दिल्लीसाठी ठेवलेलं घोंगडं त्याच्या आईच्या अंगावर गेलं. मष्णूकाकाची नोकरी गेली. परशरामवर लेखी ठपका आला आणि सामानाच्या एका गोदामावर बदली. हुद्दा आला नाही. पंधरा ऑगस्टला त्या मैदानावर झेंडा दुसऱ्याच माणसानं लावला.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी साडेअकराला चौकशी संपली तेव्हा काका आणि पुतण्या मैदानात आले. निकाल येईपर्यंत काकाला कामावरून दूर केलं होतं, दुपारपर्यंत त्याला निघायचं होतं.

"माझ्या हातनं दोनदा झालं," काका चालता चालता म्हणाला. "एकदा तुझा बा. आता तू."

परशराम थांबला. "मी जिवंत हाय की काका."

काकानं त्याच्याकडे पाहिलं. जणू आत्ताच लक्षात आलं, तसं त्याच्या दंडाला हात लावला आणि तिथंच धरून ठेवला.

तेवढ्यात वर घरघर झाली. पुण्याचं टपाल घेऊन येणारं लहान विमान मैदानाभोवती फेरी मारत होतं, टी शोधत. कापड अजून घडी करून कडेला ठेवलेलं होतं. सकाळी चौकशीत दाखवायला गोळा केलेलं. परशरामनं बोट ओलं करून वर धरलं. दक्षिणेचा वारा.

दोघांनी एक एक टोक धरलं. लांब पट्टी आधी, मग आडवी. काकानं पदराचं टोक दक्षिणेला नेलं आणि तो तसाच वाकलेला राहिला.

"टेकव काका," परशराम म्हणाला.

"हुकूम हाय का?"

"हुकूम हाय."

काकानं पदर टेकवला, वर चार दगड ठेवले, आणि दोघं बाजूला झाले. विमान लांब वळण घेऊन उत्तरेकडून आलं, वारा छातीवर घेतला, टेकलं आणि अर्ध्या मैदानातच थांबलं.